डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला? माळ घालण्याआधी कारण शोधा

डोळे पिवळे दिसले की गावात पहिला सल्ला मिळतो तो जागेचा. ‘अमक्या गावात काविळीची माळ घालतात, रविवारी जा, तीन वाऱ्यांत उतरते.’ कावीळ झाली कशामुळे, हा प्रश्न मात्र बऱ्याच घरांत राहूनच जातो. खरं तर पहिला प्रश्न तोच. कारण कावीळ हा एक आजार नाही, ती अनेक आजारांची एकच खूण आहे. यातले काही आजार आराम केला की आपोआप बरे होतात. काहींमध्ये मात्र चार दिवस उशीर झाला तरी माणूस हातचा जातो. डोळे दोघांचेही सारखेच पिवळे दिसतात.

डोळ्याचा पांढरा भाग कधी लाल होतो, कधी करडा, निळसर, तपकिरी तर कधी फिका पडतो. या प्रत्येक रंगामागे काय असू शकतं, घरी काय बघायचं आणि कोणत्या वेळी घरी थांबायचंच नाही, याची ही माहिती.

पिवळा रंग येतो कुठून?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत, म्हणजे लिव्हर, हा पदार्थ रक्तातून उचलतं आणि पित्तात मिसळून पित्तनळीवाटे आतड्यात सोडतं. शौचाला जो तपकिरी-पिवळा रंग असतो, तो यामुळेच.

या वाटेत तीन ठिकाणी अडचण येते. लाल पेशी नेहमीपेक्षा जास्त मोडल्या, लिव्हरला सूज आली किंवा पित्तनळी तुंबली, की बिलिरुबिन रक्तात साठतं. निरोगी मोठ्या माणसात ते 100 मिलिलिटर रक्तात साधारण 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. 2.5 ते 3 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. अंगाचा रंग सावळा असेल तर त्वचेवर हा फरक चटकन कळत नाही, पण डोळ्यांत कळतो. म्हणून डॉक्टर आधी डोळे बघतात.

घरी कसं बघायचं?

डोळे दिवसाच्या उजेडात, अंगणात किंवा दारात बघावेत. पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये रंग फसवतो. माणसाला खाली बघायला सांगा आणि वरची पापणी हलकेच वर उचला. पापणीखाली झाकलेला भागही पिवळा दिसत असेल तर शंका पक्की समजा. दोन्ही डोळे बघा. कावीळ एकाच डोळ्यात होत नाही.

काही गोष्टी काविळीसारख्या दिसतात, पण कावीळ नसतात.

• गाजर, पपई, भोपळा खूप दिवस भरपूर खाल्ला तर तळहात-तळपाय पिवळसर होतात. अशा वेळी डोळे मात्र पांढरेच राहतात.

• उन्हातान्हात, धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात बुबुळाच्या बाजूला पिवळसर उंचवटा येतो. तो एका ठिकाणीच असतो, सगळा डोळा पिवळा होत नाही.

• सावळ्या माणसांच्या डोळ्यांत लहानपणापासून मातकट तपकिरी छटा किंवा ठिपके असू शकतात. वर्षानुवर्षं तसेच असतील तर काळजीचं कारण नसतं.

आणि एक गैरसमज. हळद खाल्ल्यानं कावीळ होत नाही, वाढतही नाही.

डोळ्यांबरोबर या चार गोष्टी बघा

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर हेच विचारतात. आधीच बघून ठेवलं तर निदान लवकर होतं.

1. लघवीचा रंग: लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी गडद होत असेल तर लिव्हरची सूज किंवा पित्तनळीचा अडथळा असू शकतो. पाणी कमी प्यायल्यानंही लघवी पिवळी होते, पण भरपूर पाणी प्यायल्यावर ती साफ होते.

2. शौचाचा रंग: शौच पांढरट, मातीसारखं किंवा चुन्यासारखं होत असेल तर पित्त आतड्यात उतरत नाही, असा त्याचा अर्थ. सोबत अंगाला सारखी खाज असेल तर नळी तुंबल्याची शंका वाढते.

3. ताप: पाण्यातून होणाऱ्या काविळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाणं असं होतं आणि डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुतेक उतरलेला असतो. डोळे पिवळे झाले आणि ताप तरीही चढाच आहे, थंडी वाजून येतोय, तर हे प्रकरण वेगळं आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

4. दुखणं: उजव्या बरगडीखाली जोराची कळ येत असेल तर पित्ताचे खडे असू शकतात. वयस्कर माणसाला काहीच दुखत नाही, पण कावीळ वाढतेय, वजन उतरतंय, खाज सुटतेय, तर सोनोग्राफी लांबवू नये. पित्तनळी किंवा स्वादुपिंडातल्या गाठीची सुरुवात अशीही होते.

पाण्यातून होणारी कावीळ

खेड्यात सर्वात जास्त भेटणारी कावीळ ही. हेपेटायटिस ए आणि हेपेटायटिस ई हे दोन विषाणू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. गटाराशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइन, कठडा नसलेली विहीर, पावसाळ्यात गढूळ झालेला आड, ही त्याची नेहमीची ठिकाणं. दूषित पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसायला दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिने लागू शकतात. त्यामुळे पाणी कुठलं प्यायलो होतो हे लोक विसरून गेलेले असतात.

ही साथ किती पसरू शकते याचं एक मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, तेच पाणी शहराला गेलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू हेपेटायटिस ई होता हे शास्त्रज्ञांना नंतर कळलं. आपल्याकडे 2012 मध्ये इचलकरंजीतही दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती आणि त्यात लोक दगावले होते.

एरवी धडधाकट माणसात ही कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तिच्यावर विषाणू मारणारं वेगळं औषध सहसा लागत नाही. आराम, पाणी, जेवण आणि डॉक्टरांची नजर एवढंच लागतं.

मग माळेनं कावीळ उतरते ती कशी?

याचं उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. आपोआप ओसरणारी कावीळ ओसरायच्या काळात गळ्यात माळ होती, म्हणून श्रेय माळेला मिळालं. ज्याचा आजार वेगळा होता आणि जो वाचला नाही, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. ‘त्याला न्यायलाच उशीर झाला’ एवढंच म्हटलं जातं.

माळ रोज लांबत जाते आणि पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असं सांगतात. माळ ओल्या काड्यांची असते. काड्या सुकल्या की आकसतात, दोऱ्याचे फास सैल होतात आणि माळ लांबते. ठणठणीत माणसाच्या गळ्यात घातली तरी ती लांबतेच.

चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पाणी निघतं, हा दुसरा प्रकार. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग सुटतो. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होतं.

तिसरा प्रकार नाकात थेंब टाकण्याचा. देवडांगरीसारख्या कडू फळाचा रस नाकात टाकला की आतली नाजूक त्वचा पोळते आणि पिवळसर पाणी वाहायला लागतं. ते पाणी लिव्हरमधून आलेलं नसतं, ते पोळलेल्या नाकाचं असतं. त्यानं नाक-घसा सुजणं, रक्त येणं हे प्रकार होतात. तापलेल्या सळईनं डाग देणं तर सरळ इजाच. जखम चिघळते, धनुर्वाताचा धोका राहतो आणि लिव्हरला काडीचा फायदा होत नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी माळ घातली म्हणून कुणाचा जीव जात नाही. जीव जातो तो माळ घालून घरी बसल्यानं. म्हणून घरात वाद घालत बसण्यापेक्षा आधी रक्त तपासून घ्या. पोटात घ्यायच्या पुड्या आणि काढे यांचं मात्र तसं नाही. पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही आणि सुजलेल्या लिव्हरला ती पचवावी लागते. अशी पुडी घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कागदासकट घेऊन जा आणि दाखवा.

आपोआप न उतरणाऱ्या काविळी

लेप्टो: उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. भातलावणी करणारे, गोठ्यात राबणारे, गटार साफ करणारे यांना धोका जास्त. कोकणात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी डोकं वर काढतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती. सुरुवात अचानक ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांच्या असह्य दुखण्यानं होते. डोळे लाल होतात, पण त्यातून घाण येत नाही. काही रुग्णांत त्यानंतर डोळे पिवळे पडतात आणि लघवी कमी होते. म्हणजे लिव्हरबरोबर किडनीही धोक्यात आलेली असते. लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. पिवळेपणा येऊन दोन-चार दिवस गेल्यावर मात्र आयसीयूची वेळ येऊ शकते. दवाखान्यात गेल्यावर ‘चिखलात काम केलं होतं’ हे आपणहून सांगा.

मलेरिया: थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे. मलेरियाचे जंतू लाल पेशी फोडतात, त्यामुळे हा पिवळेपणा येतो. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात हे आधी तपासलं जातं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करायची चाचणी आशाताईकडे किंवा उपकेंद्रात होते.

हेपेटायटिस बी आणि सी: हे रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतात. एकाच सुईनं अनेकांना इंजेक्शन देणारा, गोंदणाऱ्याची न बदललेली सुई, न्हाव्याचं तेच ते ब्लेड, या वाटा बंद करायला हव्यात. एकत्र जेवल्यानं किंवा हात मिळवल्यानं ते पसरत नाहीत, त्यामुळे रुग्णाचं ताट वेगळं काढू नका. हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहून लिव्हर खराब करतात. हेपेटायटिस बीची लस आहे. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत पहिला डोस मिळाला पाहिजे. हेपेटायटिस सीची लस नाही, पण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो. 2018 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

दारू: रोजच्या दारूनं लिव्हर आधी चरबट होतं, मग सुजतं, मग आकसून टणक होतं. डोळे पिवळे, पोटात पाणी, पायाला सूज, रक्ताची उलटी हे शेवटच्या टप्प्याचे दरवाजे. देशी असो, हातभट्टी असो की महागडी इंग्लिश, लिव्हरला फरक कळत नाही. कावीळ उतरल्यावर ‘थोडी’ चालते, असंही काही नसतं.

गोळ्या-औषधं: टीबीच्या औषधांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधं काही जणांच्या लिव्हरला त्रास देतात. रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लाल होते. ते साहजिक आहे, घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं. डॉक्टर औषध बदलून देतात. मनानं कोर्स सोडून घरी बसणंही धोक्याचं. पॅरासिटामॉलच्या गोळ्या ठरल्यापेक्षा जास्त घेतल्यानंही लिव्हर निकामी होऊ शकतं.

उंदीर मारायची पेस्ट: पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट लहान मुलांच्या हाती लागते, पोळीला लावून ठेवलेला तुकडा खाल्ला जातो. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस सगळं ठीक वाटतं आणि त्यानंतर डोळे पिवळे पडतात. मधले ते बरे दिवस फसवे असतात. पेस्ट पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी ट्यूब बरोबर घेऊन लगेच मोठं रुग्णालय गाठा. मनावर ताण येऊन कुणी असं काही घेतलं असेल तर घरच्यांनी इज्जतीचा विचार करत वेळ घालवू नये. मन मोकळं करायला टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

सिकलसेल: नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर अशा आदिवासी भागांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर मोडतात, त्यामुळे डोळे अधूनमधून पिवळे दिसतात. सोबत हातपाय-सांधे दुखणं, अशक्तपणा असतो. अशा मुलाला वारंवार ‘कावीळ’ म्हणून माळा घालत राहण्यापेक्षा एकदा सिकलसेलची चाचणी करा. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. लग्न जमवतानाही दोघांची चाचणी झालेली असावी.

गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले तर

इथं थांबायला जागा नाही. हेपेटायटिस ई इतरांना सहसा सोडून देतो, पण गरोदर बाईला सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. गरोदरपणात रक्तदाब वाढून किंवा लिव्हरमध्ये चरबी साठूनही डोळे पिवळे होतात आणि तेही तितकंच गंभीर असतं. ‘बाळंतपण झालं की उतरेल’ म्हणून वाट बघू नका. सातव्या महिन्यानंतर सगळ्या अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना खाज सुटत असेल तर डोळे पांढरे असले तरी डॉक्टरांना सांगा. आशाताईंना फोन करा आणि 102 किंवा 108 ची गाडी बोलवा. सोय असेल तिथेच, म्हणजे जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या दवाखान्यात न्या.

नवजात बाळाची कावीळ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलका पिवळेपणा बऱ्याच बाळांना येतो आणि आठ-दहा दिवसांत जातो. बाळाला वारंवार अंगावर पाजणं हा त्यावरचा पहिला उपाय. पण पुढची लक्षणं दिसली तर बाळ दाखवायलाच हवं:

• जन्मल्यापासून पहिल्या 24 तासांत पिवळेपणा आला.

• पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला.

• बाळ दूध ओढत नाही, सारखं झोपतं, अंग ढिलं किंवा ताठ होतं, चिरक्या आवाजात रडतं.

• 14 दिवसांनंतरही पिवळेपणा आहे.

• शी पांढरी किंवा राखाडी आहे.

बिलिरुबिन फार वाढलं तर ते बाळाच्या मेंदूत उतरतं आणि कायमचं बहिरेपण किंवा अपंगत्व येऊ शकतं. दवाखान्यातल्या निळ्या प्रकाशाच्या उपचारानं हे टळतं. कोवळ्या उन्हात धरणं हा त्याला पर्याय नाही. उन्हात बाळ तापतं किंवा गारठतं आणि मधले दिवस वाया जातात. पांढऱ्या शीचा अर्थ पित्तनळी तयारच झालेली नाही असाही असू शकतो. त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर फायदा जास्त. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात तेव्हा बाळाला उजेडात आणून दाखवा.

डोळा लाल झाला तर

डोळे येण्याची साथ सगळ्यांना माहीत आहे. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीसह राज्यभर ती पसरली होती. चिपडं, खाज, खुपल्यासारखं वाटणं हे आठवड्याभरात ओसरतं. हात धुणं आणि टॉवेल वेगळा ठेवणं पुरेसं असतं.

खोकल्यानं, जड ओझं उचलल्यानं किंवा काही कारण नसतानाही पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग उमटतो. दुखत नसेल, नजर साफ असेल तर दोन-तीन आठवड्यांत तो जातो. पण एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.

खरी भीती आहे ती शेतातल्या माराची. उसाचं पातं, भाताची लोंब, मळणीचं कूस डोळ्याला लागतं आणि बुबुळाला जखम होते. डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही आणि काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतोय, तर ती बुरशीची जखम असू शकते. अशा डोळ्यात मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून टाकले तर आधी बरं वाटतं आणि आत डोळा सडत जातो. फूल पडून नजर जाते ती अशी. थेंब कोणते हे डोळ्यांचे डॉक्टरच ठरवतील. जिभेनं कचरा काढणं, दूध-मध घालणं बंद करा.

डोळ्यात चुना किंवा फवारणीचं औषध उडालं तर आधी दवाखाना नाही, आधी पाणी. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्यानं निदान 15 ते 20 मिनिटं धुवा आणि मगच निघा.

डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलटी होते, हा काचबिंदूचा झटका असू शकतो. तोही त्याच दिवशी दाखवायचा.

करडा, निळसर, तपकिरी, फिका

लहान मुलाच्या डोळ्याचं पांढरं कोरडं, सुरकुतलेलं दिसतं, त्यावर साबणाच्या फेसासारखा करडा ठिपका येतो आणि संध्याकाळी मूल धडपडतं. हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे डोस चुकवू नका. ताटात शेवग्याचा पाला, मेथी, पपई, भोपळा, अंडं असू द्या.

तान्ह्या बाळाच्या डोळ्याचं पांढरं थोडं निळसर असणं साहजिक आहे. पण मूल मोठं होऊनही ते गडद निळं असेल आणि किरकोळ पडल्यानं हाडं मोडत असतील तर ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार तपासावा.

बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा ऊन, वारा आणि धुळीमुळे वाढतो. शेतात टोपी, गॉगल वापरा. तो काळ्या भागावर चढायला लागला तर ऑपरेशन लागतं. तपकिरी-काळा डाग नव्यानं आला किंवा वाढत चालला तर तोही दाखवावा.

खालची पापणी ओढल्यावर आतला भाग गुलाबी न दिसता पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दवाखान्यात काय होतं?

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करा. रक्तातलं बिलिरुबिन आणि लिव्हरची तपासणी, हेपेटायटिसच्या चाचण्या, ताप असेल तर मलेरिया-लेप्टो-डेंगी आणि गरज पडली तर सोनोग्राफी होते. बिलिरुबिनचा आकडा किती, एवढ्यावरच लोक अडून बसतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ही तपासणीही तितकीच महत्त्वाची असते. लिव्हर किती थकलंय ते तिच्यावरून कळतं. रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या वेळी बरोबर न्या.

खाण्यापिण्याचे निर्बंध बरेच जण नको तितके पाळतात. घरचं ताजं जेवण थोडं थोडं, पण वारंवार द्या. भाकरी, भात, वरण, ताक, फळं सगळं चालतं. बेताचं तेल-तूपही चालतं. उपास नको. उसाचा रस वाईट नाही, पण गाड्यावरच्या बर्फातून आणि पाण्यातून पुन्हा तोच विषाणू पोटात जाऊ शकतो. दारू पूर्ण बंद.

एका आळीत दोघांना कावीळ झाली तर

हा मग एका घराचा प्रश्न राहत नाही. आशाताई, आरोग्यसेवक आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, ओटी टेस्ट होते का, ती पावडर मुदतीतली आहे का, हे जलसुरक्षकाला विचारणं हा गावकऱ्यांचा हक्क आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा. गटाराजवळचे व्हॉल्व्ह आणि गळती शोधा. तोवर प्रत्येक घरात पाणी खळखळून उकळून प्या, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा.

अशा वेळी घरी थांबू नका, 108 ला फोन करा

• पिवळ्या डोळ्यांबरोबर माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, हात थरथरतात.

• नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होतेय.

• ताप चढाच आहे, थंडी वाजतेय, लघवी कमी झालीय.

• उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात ठरत नाही.

• पोट फुगलंय, धाप लागतेय.

• रुग्ण गरोदर आहे किंवा तान्हं बाळ आहे.

यातलं काहीच नसेल, नुसते डोळे पिवळे दिसत असतील, तरी एक-दोन दिवसांत रक्त तपासून घ्यावं. कुठे जायचं हे कळत नसेल तर 104 या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर विचारा.